शेजाऱ्यांची बादली : बेंजामिन फ्रँकलिन

थोर पुरुषाचे चरित्र लिहायचे म्हणजे त्याच्या जन्मापासून सुरुवात करावी असा प्रघात आहे. मी मात्र आमच्या गल्लीपासून सुरुवात करणार आहे. कारण ती गल्ली नसती तर ज्या माणसाविषयी मी लिहीत आहे, तो माझ्यासाठी केवळ पतंग उडवून वीज पकडणारा एक गोरा शास्त्रज्ञच राहिला असता.

गेल्या उन्हाळ्यात, ऐन परीक्षेच्या दिवसांत, अंबरनाथला आमच्या चाळीमागच्या भंगाराच्या गोदामाला आग लागली. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. पुठ्ठे, जुन्या गाद्या, प्लास्टिकचे ड्रम असा सगळा जळाऊ माल. बघता बघता ज्वाळा पत्र्याच्या वर गेल्या. चाळीतली शंभर-सव्वाशे माणसे बाहेर आली. कोणी आरडाओरडा करीत होते, कोणी देवाचे नाव घेत होते आणि निम्म्याहून अधिक माणसे मोबाइल उंच धरून चित्रण करीत उभी होती. त्यांत मीही होतो. बंब वेळेवर आला, पण गल्लीच्या तोंडाशी अडला. दोन्ही बाजूंना आमच्याच मोटारसायकली, आणि मध्ये आमच्याच शेजाऱ्याचा टेम्पो. त्याची किल्ली सापडून तो बाजूला होईपर्यंत गोदामाला लागून असलेली दोन घरे गेली. सुदैवाने माणूस कोणी दगावले नाही. त्या दोनांपैकी एका घरात शिवणकामावर संसार चालवणाऱ्या एक मावशी राहत. सकाळी त्या राखेत काहीतरी शोधीत होत्या. त्यांच्या हाती शिवणयंत्राचे काळे पडलेले चाक होते आणि माझ्या हाती त्या आगीचे चाळीस सेकंदांचे चित्रण होते. ते मी पुसून टाकले. मनातली लाज मात्र पुसता आली नाही.

पुढे आमच्या इतिहासाच्या सरांनी प्रत्येकाला एका चरित्रावर टिपण करायला सांगितले, तेव्हा मला फ्रँकलिन मिळाला. ग्रंथालयात बसून वाचता वाचता मी एका पानाशी थबकलो. तिथे १७३६ सालची एक रात्र होती, आग होती आणि शेजारीही होते. फरक एवढाच, की ते शेजारी नुसते बघत उभे नव्हते.

बेंजामिन फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. त्या वेळी अमेरिका हे राष्ट्र नव्हते, इंग्लंडच्या राजाच्या वसाहती होत्या. बाप जोसाया चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण बनवीत असे. दोन बायकांपासून त्याला सतरा मुले झाली आणि बेंजामिन त्यांतला सर्वांत धाकटा मुलगा. शाळा त्याला जेमतेम दोन वर्षे लाभली. दहाव्या वर्षी तो बापाच्या दुकानात मेणबत्त्यांच्या वाती कापू लागला. आगीशी त्याची ओळख झाली ती अशी, पोटाच्या धंद्यातून. तो धंदा त्याला आवडेना, म्हणून बाराव्या वर्षी बापाने त्याला थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला ठेवले. तिथे खिळे जुळवता जुळवता त्याने वाचन वाढवले, आणि रात्री चोरून लेखनही केले. भावाशी मात्र पटेना. सतराव्या वर्षी घर सोडून तो फिलाडेल्फियाला पळून आला, तेव्हा खिशात किरकोळ नाणी आणि काखेत पावाच्या दोन लाद्या होत्या. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतले आजोबा असेच एखाद्या स्टेशनावर रिकाम्या हाताने उतरले. उल्हासनगर तर अख्खे अशाच माणसांनी वसवले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली माणसे राहिली आणि १९४९ साली त्या छावणीचे शहर झाले. त्यामुळे फ्रँकलिनची ही कथा आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

फिलाडेल्फियात त्याने छापखान्यात नोकरी केली, मध्ये दोन वर्षे लंडनला जाऊन आला, आणि १७२७ साली आपल्यासारख्याच कारागीर आणि कारकून तरुणांचे एक मंडळ काढले. त्याचे नाव जंटो. दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचे, कोणीतरी निबंध वाचायचा, त्यावर चर्चा करायची. यातून १७३१ साली वर्गणीचे वाचनालय निघाले. १७२९ साली फ्रँकलिनने एक वृत्तपत्र विकत घेतले आणि छापखाना स्वतःच्या बळावर उभा केला. पुढे तो जे जे मोठे झाला, त्याची मुळे या शुक्रवारच्या बैठकीत आहेत असे माझे मत आहे. एकट्याने थोर होण्याची त्याला घाई नव्हती. चार माणसे जमवल्याखेरीज त्याला काही सुचत नसे.

१७३० सालच्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात नदीकाठच्या धक्क्यावर मोठी आग लागली. वखारी जळाल्या, रस्त्यापलीकडची घरेही जळाली. त्या रात्री वारा नव्हता म्हणून शहर वाचले. शहराने इंग्लंडहून बंब मागवले, बादल्या, शिड्या, आकड्या घेतल्या. पण सामान आले म्हणजे व्यवस्था आली असे नाही. बादली कोणी उचलायची, रांग कोणी लावायची, जळत्या घरातले सामान कोणी काढायचे आणि बाहेर काढलेल्या सामानावर कोणी लक्ष ठेवायचे, हे काहीच ठरलेले नव्हते. आग लागली की सगळे धावत, आणि सगळे धावत म्हणूनच गोंधळ होई.

फ्रँकलिनने यावर एक निबंध लिहिला. आधी जंटोत वाचण्यासाठी तो लिहिला आणि मग १७३५ च्या फेब्रुवारीत एका वृद्ध नागरिकाचे सोंग घेऊन आपल्याच वृत्तपत्रात पत्ररूपाने छापला. त्या वेळी त्याचे वय होते अवघे एकोणतीस. या पत्रात मोठे तत्त्वज्ञान काही नाही. एका खोलीतले निखारे उघड्या फावड्यावर घेऊन दुसऱ्या खोलीत नेऊ नका, विशेषतः जिन्यावरून नेऊ नका, कारण वाटेत पडलेली ठिणगी मध्यरात्री जागी होते. धुराडी साफ करणाऱ्यांना परवाने द्या, म्हणजे काम वाईट झाले तर जाब विचारता येईल. आणि बोस्टनमध्ये आग विझवण्यासाठी नागरिकांची मंडळे आहेत, तशी इथेही काढा. आग विझवण्यापेक्षा ती लागू न देणे केव्हाही स्वस्त, हा त्या पत्राचा गाभा. ज्याच्या बापाच्या घरात रोज चरबी वितळत असे, त्याला हे शिकवायला पुस्तक लागले नाही.

७ डिसेंबर १७३६ रोजी युनियन फायर कंपनी स्थापन झाली. कंपनी म्हणजे नफ्याची पेढी नव्हे, मंडळ. फ्रँकलिनने पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, त्यानुसार लवकरच तीस सभासद जमले. त्यांनी सही केलेला करारनामा वाचताना मला फार मौज वाटली आणि नंतर आदर वाटला. प्रत्येकाने स्वतःच्या खर्चाने कातडी बादल्या आणि जाड्याभरड्या कापडाच्या पिशव्या घ्यायच्या. त्यांवर आपल्या नावाची आद्याक्षरे घालायची, आणि त्या नेहमी हाताशी तयार ठेवायच्या. बादल्या पाण्यासाठी. पिशव्या मात्र जळत्या घरातल्या वस्तू भरून बाहेर काढण्यासाठी, म्हणून त्यांच्या तोंडाशी ओढायची दोरी लावलेली. रात्री आगीची हाक आली की आपल्या घराच्या खिडकीत दिवे लावायचे, म्हणजे रस्त्यावर धावणाऱ्यांना वाट दिसेल. सभासदांपैकी दोघांनी जळत्या घराच्या दाराशी उभे राहायचे आणि मदतीच्या मिषाने शिरणाऱ्या चोरांना अडवायचे. सामान तयार नसले तर दंड. आणि एक कलम असे, की एखादा सभासद मरण पावला तर त्याच्या विधवेच्या घरालाही तो जिवंत असल्याप्रमाणेच मदत करायची. हे कलम वाचताना मला राखेत उभ्या असलेल्या आमच्या मावशी आठवल्या.

महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र जमायचे, संध्याकाळ गप्पागोष्टींत घालवायची आणि आगीविषयी ज्याला जे सुचले असेल ते सांगायचे. जो बैठक चुकवील त्याला थोडा दंड. या दंडाच्या पैशातून हळूहळू बंब, शिड्या आणि आकड्या विकत घेण्यात आल्या. म्हणजे माणसाचा आळसही फ्रँकलिनने कामाला लावला! त्या काळचा बंब हाताने दांडा वरखाली करून चालवायचा असे. त्याच्या टाकीत पाणी घालण्यासाठी विहिरीपासून माणसांच्या दोन रांगा लागत. एका रांगेने भरलेली बादली पुढे जाई, दुसऱ्या रांगेने रिकामी मागे येई. अशा रांगेत एकाच माणसाने मागे वळून आग बघत बसायचे ठरवले, तर सगळी रांग तुटते.

आता एक गोष्ट सांगतो. चरित्रांतून ती बहुधा निराळ्या पानावर असते. मला मात्र ती याच पानावर असावी असे वाटते. करारनाम्यावर सह्या झाल्या त्याच्या सोळा दिवस आधी, २१ नोव्हेंबर १७३६ रोजी, फ्रँकलिनचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीच्या रोगाने वारला. त्या काळी देवीची टोचणी नुकतीच माहीत झाली होती आणि फ्रँकलिन तिचा पुरस्कर्ता होता. पण स्वतःच्या मुलाला टोचणी द्यायची राहून गेली. ही चूक त्याला जन्मभर डाचत राहिली, आणि इतर आईबापांनी ती करू नये म्हणून म्हातारपणी त्याने ती लिहूनही ठेवली. मुलाच्या मृत्यूचा आणि आगीच्या मंडळाचा संबंध होता असे मी म्हणत नाही. मंडळाची तयारी आधीपासूनच चालू होती. पण वेळीच केलेली छोटी खबरदारी आणि ती न केल्याचे मोठे दुःख, या दोन्ही गोष्टी त्या महिन्यात त्याच्या घरात शेजारी शेजारी होत्या, एवढे खरे. असे दुःख घेऊन तो माणूस दार लावून बसला नाही, लोकांच्या दारांसाठी नियम लिहीत बसला.

मंडळाची कीर्ती वाढली तसे आणखी लोक सभासद व्हायला येऊ लागले. त्यांना फ्रँकलिनच्या मंडळाने सांगितले, की तुम्ही तुमचे वेगळे मंडळ काढा. मला यात त्याचे खरे मोठेपण दिसते. आपल्याकडे एखादे मंडळ नावारूपाला आले की त्याला सगळे गाव आपल्याच पाटीखाली हवे असते. फ्रँकलिनला पाटी मोठी करायची नव्हती, गल्लोगल्ली बादल्या हव्या होत्या. एकामागून एक मंडळे निघाली, आणि मालमत्ता असलेले बहुतेक लोक कुठल्या ना कुठल्या मंडळात आले. पन्नास वर्षांनी आत्मचरित्रात मागे वळून बघताना त्याने समाधानाने नोंदले आहे, की तेव्हापासून शहरात एका वेळी एकदोन घरांपेक्षा अधिक घरे कधी जळाली नाहीत. त्या वेळी पहिल्या सभासदांपैकी तो स्वतः आणि त्याच्याहून वर्षाने मोठा असा एक गृहस्थ, एवढेच उरले होते.

या मंडळाचा एक गमतीदार प्रसंगही त्याने लिहून ठेवला आहे. १७४७ च्या सुमारास शहरावर शत्रूच्या जहाजांचे भय होते. तोफा घेण्यासाठी सोडत काढली होती, आणि मंडळाच्या शिलकीतून तिची तिकिटे घ्यावीत असा प्रस्ताव आला. अडचण अशी, की तीस सभासदांपैकी बावीस जण क्वेकर पंथाचे, युद्धाला कडवा विरोध असणारे. प्रस्ताव फेटाळला गेलाच तर बंबासाठी पैसे मागून घ्यायचे आणि त्यांतून तोफ विकत घ्यायची, अशी थट्टा फ्रँकलिनने मित्रापाशी केली होती. तोफही आग ओकतेच ना! पण बैठकीला विरोध करायला एकच क्वेकर आला. बाकीचे मुद्दामच घरी राहिले. आठ विरुद्ध एक मतांनी प्रस्ताव संमत झाला. आपल्या तत्त्वाला बाध येऊ नये आणि शेजाऱ्याच्या कामातही खोडा घालू नये, असा मार्ग त्या शांत माणसांनी गुपचूप काढला. महाविद्यालयातल्या सभांना बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा धडा घेण्यासारखा आहे.

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना ठाऊक असते. १७५२ साली आगीच्या मंडळांतल्या माणसांना एकत्र आणून त्याने घरांच्या विम्याची परस्पर संस्था काढली. तिचे चिन्ह होते एकमेकांची मनगटे धरलेले चार हात. त्याच वर्षी पतंगाचा तो प्रसिद्ध प्रयोग झाला. आकाशातली वीज आणि प्रयोगशाळेतली वीज एकच, हे सिद्ध झाले. पण फ्रँकलिनच्या लेखी त्या शोधाचे मोल घर जळू नये यात होते. वीजवाहक सळई कशी लावावी हे त्याने आपल्या पंचांगात छापून टाकले. त्यापूर्वी काढलेल्या बंदिस्त शेगडीचे जसे त्याने पेटंट घेतले नव्हते, तसेच सळईचेही घेतले नाही. पुढे तो परदेशी असताना त्याच्या स्वतःच्या घरावर वीज पडली. सळईचे टोक वितळले, घर वाचले. रुग्णालय, महाविद्यालय, टपालखाते, १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, फ्रान्समधली वकिली, १७८३ चा तह, १७८७ ची राज्यघटना, या सर्वांवर त्याचा हात फिरला. १७ एप्रिल १७९० रोजी चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो वारला. अंत्ययात्रेला सुमारे वीस हजार लोक होते असे सांगतात.

चरित्र लिहिताना आरतीच ओवाळली पाहिजे असे नाही. या माणसाने घरात गुलाम ठेवले आणि गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या. उतारवयात मात्र त्याचे मत पालटले. गुलामगिरीविरोधी संस्थेचा तो अध्यक्ष झाला आणि मरणापूर्वी दोनच महिने त्या संस्थेचा अर्ज त्याच्या सहीने काँग्रेसपुढे गेला. पत्नी डेबोरा १७७४ साली वारली, तेव्हा तो लंडनला होता आणि दोघांची दहा वर्षे गाठ नव्हती. राजाची बाजू घेणाऱ्या थोरल्या मुलाशी त्याने अखेरपर्यंत मनापासून समेट केला नाही. सगळ्या गावाचा शेजारी झालेला हा गृहस्थ घरच्यांना मात्र पुरता लाभला नाही.

त्याच्या मंडळांचेही पुढे सगळे चांगलेच झाले असे नाही. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियातल्या मंडळांत चढाओढ लागली. आधी पाण्याचा नळ कोणी पकडायचा यावरून आग जळत असताना रस्त्यात मारामाऱ्या होऊ लागल्या. शेवटी १८७१ साली शहराने पगारी अग्निशमन दल उभे केले. सेवेचा अहंकार झाला की बादलीतले पाणी आटते, एवढेच यातून मी घेतो. पण मूळ कल्पना मेली नाही. जर्मनीत १८५३ साली उल्म शहराच्या माग्यिरुस नावाच्या गृहस्थाच्या पुढाकाराने वुर्टेम्बर्ग प्रांतातली आगीची पथके प्लोखिंगेन गावी एकत्र आली आणि त्यातून त्यांचा संघ निघाला. जर्मनी, ऑस्ट्रिया, चिली या देशांत आजही आग विझवण्याचे बरेचसे काम आपापला धंदा सांभाळणारे स्वयंसेवकच करतात.

आपल्याकडे आग विझवणे हे पगारी दलाचे काम, आणि त्या दलांनी ते प्राणपणाने केले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि स्फोटके एकत्र लादलेल्या जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळतात. स्वयंसेवेची परंपराही आपल्याला नवी नाही. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात होमगार्ड उभे राहिले, ते नागरिकांतूनच. आणि आपला हा भाग तर आगीचा शेजारीच. काडेपेटीचा कारखाना बंद झाला तरी विमको नाका हे नाव राहिले आहे, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या रसायनांच्या आगींचा धूर गाडीच्या दारात उभे राहूनही दिसतो. पुराच्या वेळी मात्र आपण रांगेत उभे राहिलो आहोत. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हा हजारावर प्रवाशांच्या सुटकेत सरकारी दलांबरोबर आसपासचे गावकरीही होते. पुराला धावणारा हात आगीच्या वेळी मोबाइल का उचलतो, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारतो.

आगीत उडी घ्या असे मी सांगत नाही. रसायनाच्या किंवा विजेच्या आगीवर अजाण माणसाने पाणी टाकणे म्हणजे संकट वाढवणे. ते काम जाणत्यांचे. पण गल्लीचे तोंड मोकळे ठेवणे, गॅस बंद करणे, म्हातारीकोतारी माणसे आणि मुले मोजून बाहेर काढणे आणि बाहेर काढलेल्या सामानाजवळ उभे राहणे, एवढे तर आपल्याला जमेल. फ्रँकलिनच्या करारनाम्यात तरी याहून निराळे काय होते?

हे टिपण पुरे केल्यावर आम्ही गल्लीतल्या नऊ घरांनी मिळून एक कागद केला. एका बाजूला वाहन लावायचे नाही, टेम्पोच्या किल्लीची दुसरी प्रत समोरच्या काकांकडे ठेवायची, आणि दारात वाळूची एक बादली ठेवायची. बादल्यांवर ऑइलपेंटने नावे मी घातली. मावशींनी नव्या हप्त्यावर शिवणयंत्र घेतले आहे. त्यांच्या दाराशीही एक बादली आहे, पण तिच्यावर कोणा एकाचे नाव नाही. तिच्यावर आम्ही गल्लीचे नाव घातले आहे.